माळशेजच्या माथ्यावर दिलेलं आडनाव

जे आजवर आपण होऊन कुणालाच सांगितलं नाही, बायकोला नाही, भावाला नाही, ते आधी लिहून टाकतो. माळशेज घाटाच्या माथ्याजवळच्या एका गावात, एका म्हातारीच्या ओट्यावर बसून, उत्तम मगरेचं आडनाव सोळंके आहे असं मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं, उत्तमनं नव्हे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोट्याचा जाब विचारला गेला तेव्हा मी ते उत्तमवर ढकललं. वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्याशासाठी अख्खं प्रकरण कशाला? पण आमच्या मुलखात आडनाव हे माणसाच्या आधी घरात शिरतं. माणूस कुठं बसणार, कोणत्या भांड्यातून पाणी पिणार, हे ते ठरवून ठेवतं. उत्तम बौद्ध, मी सोळंक्यांचा, मराठा. आमचा तिसरा दोस्त गजा आजही चारचौघांत सांगतो की उत्तम्यानं भाकरीसाठी आडनाव बदललं होतं. लोक हसतात. मीही हसत आलो आहे.

आमचं घर तीर्थपुरीत, बाजाराच्या अंगाला. आमच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती. तिच्या नळकांड्यातून दिवसभर कुक्‌ कुक्‌ कुक्‌ असा आवाज यायचा, आणि तो थांबला की घरातल्या सगळ्यांना एकदम काहीतरी हरवल्यासारखं व्हायचं. पाहुणे म्हणायचे, तुम्ही झोपता तरी कसे? आम्ही त्या आवाजाशिवाय झोपू शकत नव्हतो. बाजाराच्या दिवशी ओसरीवर खेड्यापाड्यांतून आलेली माणसं टेकायची, पाणी प्यायची, आणि माय चुलीपुढून न उठता ओळखायची की कोण आलं आहे. आवाजावरून, खोकल्यावरून. एकेकाला काय द्यायचं हेही तिचं ठरलेलं होतं. उत्तम आला की चहा यायचा तो ओसरीतल्या कोनाड्यातल्या कपातून. त्या कपाचा कान तुटलेला होता, आणि तो आमच्या कपांत कधी मिसळत नसे. उत्तम चहा पिऊन तो स्वतः विसळायचा आणि पालथा ठेवायचा. लहानपणापासून आम्ही एका बाकावर बसलो, एकमेकांच्या डब्यात जेवलो, विहिरीत एकत्र पोहलो, आणि तरी त्या कपाकडं मी कधी बघितलं नाही. म्हणजे बघितलं होतं. त्याच्याविषयी विचार केला नव्हता. या दोन गोष्टींतला फरक कळायला मला पुढं बराच घाट उतरावा लागला.

उत्तमचे वडील मैलकुली होते. अंबडच्या रस्त्यावरचा काही तुकडा त्यांच्याकडं. खड्डे बुजवायचे, बाजूची झुडपं तोडायची, उन्हाळ्यात डांबराचं काम निघालं की झारी धरायची. एका संध्याकाळी ते दारात बसून पायाच्या भेगांना तेल लावत होते. म्हणाले, "म्या ह्या रस्त्याची खडी पायानं वळखतो बघा. पण हा फुडं जाऊन संपतो कुठं, ते काही बघणं झालं न्हाई." एका ट्रकवाल्यानं उत्तमला सांगितलं होतं की नगरच्या पुढं गेलं की एक घाट लागतो, तिथं डोंगराची कूस कापून रस्ता नेलाय, आणि वरून पाणी थेट ट्रकच्या टपावर पडतं. तेव्हापासून ते उत्तमच्या डोक्यात बसलं होतं. आम्ही तेव्हा जालन्यात एका खोलीत राहून कॉलेज करत होतो. सुट्टीत एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायचो, आणि पुढं आयुष्यात काय करायचं याचा तिघांपैकी एकालाही पत्ता नव्हता. गजाच्या मामाचं सायकलचं दुकान होतं. गजा सोनाराचा, पण सोन्यापेक्षा ग्रीसमध्ये जास्त रमायचा. दिवाळी झाली, कापूस वेचणीला आला, आणि एक दिवस उत्तम म्हणाला, "चला, घाट बघून येऊ. सायकलवर."

"सायकलवर? येडा झाला का तू?" गजा म्हणाला. "तिथं जाऊस्तोर आपली दाढी पिकंल."

"तुला दाढीच न्हाई."

"मंग उगवंल. चल."

ठरलं ते असं.

निघायच्या दिवशी तिघं आमच्या घरी जमलो. मायनं पहाटेच दशम्या केल्या होत्या, दुधात भिजवलेल्या, चार दिवस टिकाव्यात अशा. लसणाची चटणी, धपाटे, फडक्यात बांधलेले भुईमुगाचे दाणे. तिघांसाठी तीन गाठोडी बांधली होती, तिन्ही सारखी, आणि त्यात कुठं कमीजास्त केलेलं नव्हतं. मी चपला घालत होतो तेव्हा तिनं मला आत बोलावलं.

"दत्ता, वळखीपाळखीच्या बाहेर जाऊन राह्यलात. तिकडं कोणी जात पुसली, तर त्या मगऱ्याच्या लेकराला उपाशी ठेवू नको. आपलंच नाव सांग. तेवढं खोटं देव पोटात घालतो."

मी हो म्हणालो. परक्याच्या घरी जे चालावं असं तिला वाटत होतं ते आपल्या ओसरीवर का चालत नाही, हे तेव्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तिच्या बोलण्यात माया होती, आणि त्या मायेत काहीतरी खडा होता, तो मला लागला नाही. मायला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. तिनं जे सांगितलं ते मी केलं, पण पुढचं जे केलं ते तिनं सांगितलं नव्हतं.

सायकली आमच्या काळ्या, जड, सळईच्या ब्रेकच्या. इथं आमच्या मुलखाची एक गंमत सांगायला हवी. आमच्याकडं सायकलला घंटी लागते, ब्रेक लागत नाही. तीर्थपुरीहून अंबडला जाताना म्हैस आडवी आली तरच थांबायचं, आणि तेवढं पाय टेकवून भागतं. ब्रेकचं रबर झिजलं की चपलेच्या तळव्याचा तुकडा कापून बसवायचा, हीच रीत. मी तेच केलं होतं. गजानं मामाच्या दुकानातली जुनी रबरं उचलली. उत्तमच्या वडिलांनी मात्र त्याला नवीन रबरं घालायला लावली. "घाट कसा आसतो, आपण पाह्यला का? न्हाई ना? मंग भ्यायचं," असं ते म्हणाले होते. आम्ही दोघं त्यावर पैठणपर्यंत हसलो.

त्या प्रवासाचा आनंद मात्र निखळ होता, आणि तो खोटा ठरवायची माझी इच्छा नाही. सकाळच्या थंडीत कान दुखायचे, हँडल धरलेली बोटं वळायची नाहीत. ऊन वर आलं की स्वेटर कमरेला. उसाच्या गाड्या भेटायच्या, त्यांच्या मागं लटकून चढ चढायचे आणि गाडीवानाच्या शिव्या खायच्या. शाळांच्या व्हरांड्यात झोपायचो. गजा सतत भुकेला. उत्तम प्रत्येक पुलाला उतरायचा. सायकल कठड्याला टेकवायचा, खाली वाकून कमानी बघायचा, परत यायचा आणि म्हणायचा, "बराबर बांधलाय," किंवा, "ह्याची खडी कच्ची हाय, दोन पावसाळ्यांत उखडंल."

"तुझ्या बापाचा रस्ता हाय का?" गजा ओरडायचा. "चल ना, लेका, जल्दी!"

"बापाचाच हाय," उत्तम म्हणायचा. "तिकडून इकडं एकच रस्ता येतो."

नगरच्या पुढं जमीन हळूहळू उठायला लागली. आळेफाटा मागं पडला, ओतूर गेलं, आणि डोंगर समोर न राहता आजूबाजूला आले. आम्ही सपाटीची पोरं. चढ म्हणजे काय, ते मांड्यांना कळत होतं. एका चढावर उत्तमच्या सायकलची साखळी तुटली. गजा हत्यारं घेऊन त्याच्याजवळ थांबला आणि मला म्हणाला, पुढं जाऊन गाव बघ, मुक्कामाचं विचार. मी एकटा पुढं गेलो. उन्हं उतरत होती. घाटाच्या थोडं अलीकडं रस्त्याला लागून एक घर होतं, शेणानं सारवलेला ओटा, आणि ओट्यावर एक आजी वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"कुठला रं तू?"

"जालन्याकडचा, आजी. तीर्थपुरीचा."

"म्हंजी मोगलाईतला! येवढ्या लांबून सायकलीवं? घरी भांडून आलास का काय?"

"न्हाई आजी, फिरायला. अजून दोघं मागून येऊन राह्यलेत."

"फिरायला!" तिनं शेंगेला सांगितल्यासारखं सांगितलं. "कोनाचा?"

"सोळंक्यांचा."

तिचे हात थांबले. आमच्याकडं काय आणि तिकडं काय, मराठ्याच्या म्हातारीला आडनाव दिलं की ती गुंतवळ उकलत बसते. सोयरीक सापडेपर्यंत तिला चैन पडत नाही. "थांब थांब. माझी धाकटी जाऊ शेवगावची. तिची थोरली बहीन दिली पैठनच्या अंगाला. सोळंक्यांतच! नाना सोळंके, उंच, डाव्या हाताला सहा बोटं. वळखतोस?"

मी असल्या कुठल्या नानाला ओळखत नव्हतो. पण भूक लागली होती, आणि आतून फोडणीचा वास येत होता. "आमच्या भावकीतलेच आसतील," मी म्हणालो.

"मंग तू परका न्हाईस की रं! बस, टेक. अन् मागून कोन येतंय म्हनलास?"

"एक गजानन, सोनाराचा." मी थांबलो. मायचे शब्द जिभेवर तयार होते. "अन् एक आमचाच. चुलतभाऊ. उत्तम सोळंके."

झालं. एवढं सोपं होतं ते.

ते दोघं येईपर्यंत अंधार पडला होता. मी उत्तमला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं की तुझं नाव असं असं सांगितलंय. मनात आलंही. पण ते सांगणं खोटं बोलण्यापेक्षा अवघड होतं. तोंडावर कसं म्हणायचं, की तुझ्या नावानं तुला इथं भाकरी मिळाली नसती? आणि मिळाली नसती हे मला तरी कुठं नक्की माहीत होतं? मी विचारून बघितलंच नव्हतं. हातपाय धुऊन आम्ही आत चुलीसमोर बसलो. आजीनं बाजरीच्या भाकरी आणि मासवडी वाढली. गजा माळकऱ्याचं पोर, त्यानं ताट बाजूला सारलं. आजी पोट धरून हसली. म्हणाली, अरे बाबा, डाळीचं पीठ हाय त्ये, मासा न्हाय, तुझी माळ न्हाय तुटत. मग गजानं सगळ्यांत जास्त खाल्लं. "घे रं उत्तम, लाजू नगं, सोयऱ्याचंच घर हाय," असं ती म्हणत होती, आणि उत्तमला वाटत होतं ती माझ्यामुळं म्हणते आहे. तो खूप खूश होता. गजा आणि मी सायकली आत घेत होतो तेव्हा तो आजीजवळ बसून विचारत होता, घाटाचं काम झालं तेव्हा तुम्ही बघितलं का, सुरुंगाचे आवाज इथवर यायचे का. ती सांगत होती आणि तो गुडघ्याला मिठी मारून ऐकत होता. नंतर गजाला माझं खोटं पटलं ते या बसण्यामुळंच. तेव्हाच उत्तमनं नाव सांगितलं असेल, असा त्याचा हिशेब.

सकाळी निघायची तयारी झाली. आजीचा मुलगा दूध काढून परत आला होता, चाळिशीचा, कमी बोलणारा. आजी आतून कुंकवाचा करंडा आणि दोन टॉवेल-टोप्या घेऊन आली. सोयरा पहिल्यांदा घरी आला की रिकाम्या हातानं वाटेला लावायचा नाही, ही रीत आमच्याकडंही आहे. तिनं मला कुंकू लावलं, टोपी डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला. गजा म्हणाला, "आजी, सोनाराला काही न्हाई का?" ती म्हणाली, "तुला लाडू." मग ती उत्तमसमोर गेली. "सोळंक्यांची दोन लेकरं दारातून रिकामी कशी धाडू? वाक जरा, उंच हायस."

उत्तम वाकला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला सगळं तिथंच कळलं, रात्रीचं 'सोयऱ्याचंच घर'सुद्धा. मला अजून वाटतं की तो वाकला असता तर कुणालाच काही कळलं नसतं, आम्ही घाट उतरलो असतो, आणि मी माझ्या चांगुलपणावर खूश होऊन म्हातारा झालो असतो.

"आजी," तो म्हणाला, "मी सोळंके न्हाई. मी उत्तम मगरे. आम्ही बौद्ध. हा आहेर सोयऱ्याचा हाय, माझ्या नावाचा न्हाई. मला न्हाई घेता यायचा."

आजीच्या हातात टोपी तशीच राहिली. मुलानं दुधाची कळशी खाली ठेवली. "मंग काल सोळंके म्हनून कोनी सांगितलं?"

तो उत्तमला विचारत होता की मला, ते कळत नव्हतं. मला एवढंच जाणवत होतं की टोपी माझ्या डोक्यावर आहे. "मला काय माहीत," मी म्हणालो. "त्यानंच सांगितलं आसंल."

आजीनं माझ्याकडं बघितलं. तिला तर माहीत होतं. तिच्या समोर, शेंगा सोलताना, मीच बोललो होतो. ती एक शब्द बोलली असती तर मी तिथंच उघडा पडलो असतो. ती बोलली नाही. पुष्कळ वर्षं मला वाटायचं की तिनं माझी दया केली. तसं नव्हतं. मी सोयरा होतो. सोयऱ्याची लाज झाकायची असते. आडनाव किती खोलवर काम करतं, ते मला त्या गप्प बसण्यातून कळलं, पण फार उशिरा कळलं.

शेवटी तिनं उत्तमला विचारलं, "जेवलास ना रं पोटभर?"

"व्हय आजी. लई चांगलं जेवलो."

"मंग झालं. जेवन काय माघारी घेता येत न्हाय." तिनं तो दुसरा टॉवेल आणि टोपी ओट्याच्या कडेला ठेवली. आत नेली नाही, त्याच्या हातातही दिली नाही. उत्तमनं तिला वाकून नमस्कार केला आणि टॉवेलला हात न लावता सायकल काढली. मुलगा कळशी उचलून आत गेला.

रस्त्याला लागलो तसा गजा सुरू झाला. "उत्तम्या, लेका, आडनाव लावायचंच व्हतं तर माझं लावायचं! सोनं भेटलं आसतं!" उत्तम हसला नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. पॅडल मारत पुढं निघून गेला.

आणि मग घाट आला. रस्ता वळला आणि डाव्या हाताची जमीन संपली. खाली, फार खाली, कोकणातली शेतं धुक्यात बुडालेली. उजव्या हाताला काळा कडा, सरळ उभा, त्यातून अजून पाणी झिरपत होतं. उत्तम उतरला, कड्याजवळ गेला आणि दगडावर तळहात फिरवला. दगडात सुरुंगाच्या भोकांच्या अर्ध्या नळ्या तशाच राहिल्या होत्या, उभ्या, शेजारीशेजारी. तो एकेका नळीत बोट घालून वरून खाली ओढत होता. किती वेळ, कुणास ठाऊक. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. सकाळचं जे काही त्याच्यावर पडलं होतं ते त्याच्या मागं उभं होतं, आणि समोर हा रस्ता होता.

उतारावर गजा आरोळी ठोकून पुढं गेला. माझं चपलेचं रबर दुसऱ्या वळणालाच जळायला लागलं. वास आला, मग धूर, मग ब्रेक दाबला तरी सायकल आपल्याच धुंदीत. पाय घासायला लागलो तर चप्पल फाटली. कसातरी आतल्या बाजूच्या चरात घुसवून सायकल पाडली, स्वतः पडलो. कोपर सोललं. उठून बघतो तर खालच्या वळणावर उत्तम उभा होता. सायकल कड्याला लावून तो चालत वर आला.

"लागलं का?"

"न्हाई."

"मी तुझ्यासाठी थांबलो न्हाई," तो म्हणाला. "तुझ्या मायनं दशम्या बांधून दिल्त्या. तिला काय सांगू?" मग तो चराच्या काठावर बसला. "नाव कशापायी सांगितलं?"

"माय म्हणली व्हती. तू उपाशी राहशील म्हणून."

त्यानं माझी फाटलेली चप्पल उचलून माझ्यापुढं ठेवली. "उपाशी राह्यलो आसतो तर एक रात राह्यलो आसतो. दशम्या व्हत्या की पिशवीत. बरं, ते जाऊ दे. सकाळी माझ्यावर का टाकलं? भ्याला त्या माणसाला?"

खोटं सांगता आलं असतं. पण त्या उतारावर, रक्त आलेल्या कोपरासकट, ते जमलं नाही. "त्याला न्हाई भ्यालो. वाटलं, आजी टोपी काढून घेईल."

उत्तमनं माझ्या डोक्याकडं बघितलं. टोपी पडण्यात कुठंतरी गेली होती. तो हसला नाही, पण त्याच्या तोंडावर काहीतरी सैल झालं. "गज्याला सांग," तो म्हणाला. "आत्ता नको. आत्ता सांगितलं तर तो तुझ्याशी भांडंल अन् सगळ्यांचा घाट बोंबलंल. जालन्याला गेल्यावर सांग. रूमवर. सगळ्यांसमोर."

"सांगतो."

"बघ हं."

मग तो उठला. झाडीत जाऊन एक वाळलेली मोठी फांदी ओढत आणली. "बैलगाडी उताराला लागली की मागं लाकूड बांधतात ना, तसं करू. दोरी हाय का?" दोरी गजाकडं. तो खाली पोचलेला. उत्तमनं माझ्या खांद्यावरचा आजीचा टॉवेल ओढून घेतला, दोन्ही हातांनी पिळून पिळून त्याचा पीळ केला, आणि फांदी माझ्या कॅरिअरला घट्ट बांधली. "आता बस. पाय खाली सोड. घाबरू नको, मी मागून येऊन राह्यलो."

मी उतरलो. मागं फांदी खडखडत होती, धुळीचा लोट उठत होता, वळणावरच्या ट्रकवाल्यानं ब्रेक मारून शिव्या दिल्या, आणि मागून उत्तम ओरडत होता, "आतून घे! आतून घे! बिलकुल सोडू नको!" आणि कुठल्यातरी वळणावर आम्ही दोघंही हसायला लागलो. ते थांबेचना. खाली गजा लाडू खात बसला होता. टॉवेलच्या चिंध्या बघून म्हणाला, "गेला! सोयऱ्याचा आहेर फांदीला गेला!" तेव्हा उत्तमही हसला, मोकळा. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं, कारण माझं बोलणं बाकी होतं. परतीला सायकली एसटीच्या टपावर टाकून जालन्याला आलो. पहिल्याच संध्याकाळी रूमवर सात-आठ पोरं जमली आणि गजानं, कुठलंही पाप मनात नसताना, ती गोष्ट सांगितली. आजी, मासवडी, टोपी, आणि 'उत्तम सोळंके'. सगळे लोळून हसले. उत्तम माझ्याकडं बघत होता. तीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि त्यातून हसू बाहेर आलं. उत्तम उठला, स्टोव्हला पंप मारला, चहाला पाणी ठेवलं. त्यानं नंतर कधीच मला आठवण करून दिली नाही. त्याच्या लग्नातही ती गोष्ट झाली, जेवणाच्या पंगतीत, त्याच्या सासऱ्यासमोर.

एक गोष्ट केली, ती लिहितो, मोठेपणा म्हणून नाही. तीर्थपुरीला गेलो आणि ओसरीच्या कोनाड्यातला तो बिनकानाचा कप उचलून त्यातून मी माझा चहा घ्यायला लागलो. माय आधी चिडली. मग म्हणाली, "आता काय घाटावरून संन्यास घेऊन आला का?" मग काही दिवसांनी तिनंच तो कप घासून बाकीच्या कपांत ठेवला, आणि पुढं उत्तम आला तेव्हा चहा कोणत्या कपातून गेला ते तिलाही सांगता आलं नसतं. कपाचं जमलं, कारण त्यासाठी बोलावं लागत नव्हतं.

उत्तमनं त्या वर्षी कॉलेज सोडून डिप्लोमाला नाव घातलं. आज तो रस्त्यांचाच इंजिनियर आहे. नोकरी लागल्यावर पहिल्या रजेत वडिलांना घेऊन माळशेजला गेला. म्हातारा कड्याजवळ उभा राहिला, पायातली चप्पल काढली, रस्त्यावर पाऊल घासलं आणि म्हणाला, "खडी आपल्यापरीस बारीक हाय." हे सांगताना उत्तम आजही स्वतःचं पाऊल जमिनीवर घासून दाखवतो. त्या घरापाशीही तो गेला होता. आजी राहिली नव्हती. मुलानं ओट्यावर बसवून दोघांना चहा दिला. नाव विचारलं, उत्तमनं सांगितलं, आणि तो म्हणाला, "माहीत हाय की. तुम्ही टोपी घेतली न्हाई, ते मगरे."

आता मी पंचेचाळिशी ओलांडली आहे. उत्तमची सुजाता इंजिनियरिंगला आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी या दिवाळीनंतर त्याच रस्त्यानं सायकलवर जाणार आहेत, गिअरच्या सायकली, डोक्यावर हेल्मेटची टोपडी, आणि तिचा हट्ट आहे की आम्ही तिघांनीही बरोबर यायचं. पहिला टप्पा तीर्थपुरी. माय आता थकली, पण दशम्या मीच करणार म्हणते, आणि किती पोरी आहेत ते दोनदा विचारून झालं आहे. मी ब्रेक नवीन घातले. गजाचा फोन आला: "दत्त्या, ह्या बारीला उत्तम्याचं आडनाव आधीच ठरवून घेऊ!" परवा सुजाता घरी आली होती. चहा पिता पिता तिनं विचारलं, "काका, ती आडनावाची गोष्ट नक्की काय हाय हो? गजाकाका एक सांगतात. बाबांना विचारलं तर म्हणतात, दत्ताकाकाला विचार."

मी तिला म्हणालो, तीर्थपुरीला सांगतो, सगळे असतील तेव्हा. ती हो म्हणाली आणि वाट बघते आहे. तिच्या बापानंही अशीच वाट बघितली, आणि माझा 'सांगतो' त्याच्याजवळ अजून तसाच पडून आहे.

तर निघायच्या दिवशी, आमच्या ओसरीवर, गजासमोर, सुजातासमोर आणि मायसमोर मी उत्तमला हे बोलणं देणं लागतो: ते आडनाव मी सांगितलं होतं, आणि दोष तुझ्यावर मी टाकला.